सत्तरीतल्या आई-बाबांना संस्कृती आणि खाणं दोन्ही अनुभवता येईल अशी निवांत सहल कशी आखावी? टूर कंपनी बरी की आपलं आपण?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आई-बाबांचे गुडघे यथातथाच आहेत, त्यांना बसमध्ये कोंबायचं नाहीये, पण आपण एकट्याने न्यायचं तर जबाबदारीची भीती वाटते. ही भीती माझ्या दादाने मला सात वर्षं घातली, म्हणून उत्तर देतेय. लांबेल.

२०१६ साली दादाने आई-बाबांना दक्षिण भारताच्या टूरवर पाठवलं. अकरा दिवस, चौदा ठिकाणं. सहा-सात-आठचा नियम: सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. कंपनीचे आचारी सोबत, त्यामुळे मदुराईत पिठलं, रामेश्वरात पोहे आणि कन्याकुमारीत पुरणपोळी. जाहिरातीत हेच सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं आणि दादाला हेच पटलं. "या वयात बाहेरचं खाणं सोसत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

तंजावरला त्यांची बस पोचली साडेअकराला. बृहदीश्वराच्या देवळासाठी पाऊण तास. ऊन चढलेलं, दगडी फरशीवर अनवाणी चालायचं आणि आवार असं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीचशे मीटरच्या आसपास अंतर. बाबा गुडघा धरून बसमध्येच बसले. खिडकीतून शिखर दिसलं. घरी आल्यावर मी विचारलं, "तंजावर कसं होतं?" तर म्हणाले, "बघितलं."

आता माझे बाबा कोण, ते सांगते. सांगलीच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. तंजावरच्या त्या देवळाच्या आवारात भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, हे त्यांनी किती तुकड्यांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही. त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पोचून माणूस बसमध्ये बसून राहिला, आणि का, तर सव्वाबाराला बस हलवायची होती. मला अजूनही हे आठवलं की दादाला फोन करावासा वाटतो. एकदोनदा केलाही.

शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये मीच नेलं. आई, बाबा आणि आत्या. सहा रात्री, फक्त तंजावर आणि आजूबाजूचं. दादा म्हणाला, "सहा दिवस एका गावात करणार काय?"

पहिल्याच रात्री माझी फजिती झाली, ती आधी सांगून टाकते, नाहीतर दादा इथे येऊन सांगेल. जुन्या वाड्यातलं म्हणून मी जे हॉटेल हौसेने घेतलं होतं, त्यात खोल्या वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि आंघोळीला टब. पाय उचलून टबात जाताना आत्या घसरली. लागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. सकाळी साध्या, लिफ्ट असलेल्या, अजिबात देखण्या नसलेल्या हॉटेलात गेलो आणि उरलेल्या पाच रात्री तिथेच काढल्या. तेव्हा फोटो बघून हॉटेल घेऊ नका, फोन करून विचारा. लिफ्ट आहे का, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, टब तर नाही ना. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत विचारा.

त्या सहा दिवसांत मला एक गोष्ट कळली, आणि ती कुठल्याही टूरवाल्याला सोयीची नाही. तंजावर भागातली देवळं साधारण साडेबाराला बंद होतात आणि चारला उघडतात. दुपारी तिथे देवही आडवा होतो. टूरवाले हा वेळ बसप्रवासात घालवतात, कारण त्यांना तो 'वाया' गेलेला वाटतो. म्हातारपणाला याहून चांगलं वेळापत्रक मला तरी आखता आलं नसतं. आमचं असं चालायचं: सकाळी सातला कॉफी, फरशी थंड आहे तोवर देऊळ, दहाला इडली किंवा पोंगल (तांदूळ-मुगाची खिचडी), परत येऊन पडणं, एकला केळीच्या पानावर जेवण, मग साडेचारपर्यंत झोप. संध्याकाळी जमलं तर काहीतरी, नाहीतर हॉटेलच्या दारात खुर्च्या टाकून गप्पा.

आणि खाणं सोसत नाही म्हणे! सांबार-भात, रसम-भात, शेवटी दही-भात, याहून पोटाला हलकं काय असतं? दहा वाजता मिरी-तुपाचा गरम पोंगल खाल्ला की बाबा दुपारी भूक नाही म्हणायचे, आणि पान मांडलं की जेवायचे. वाढपी रसम ओतायला आला की आई हाताचा द्रोण पुढे करायची, भातावर नकोच. रात्री इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) नाहीतर दोन इडल्या. सहा दिवसांत डायजीनची पट्टी फोडली नाही. हे मी दादाला पट्टीचा फोटो काढून पाठवलंय.

आत्याचं सांबारावरून वेगळंच चाललं होतं. तंजावरच्या शहाजीराजांच्या (शिवाजीराजांचे वडील नव्हेत, व्यंकोजींचे चिरंजीव) मुदपाकखान्यात एकदा आमसुलं संपली, आमटीत चिंच घातली, संभाजीराजे पाहुणे होते म्हणून तिला सांबार म्हणू लागले, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोष्ट गोड आहे, तिला भक्कम पुरावा नाही. पण आत्याने ती वाढप्याला हिंदीतून ऐकवली. त्याला हिंदी येत नव्हतं. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि तिच्या पानात आणखी एक पळी सांबार वाढलं. "बघ, मान्य आहे त्याला," आत्या म्हणाली.

तिरुवैयारू तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांची समाधी, आणि गावाची ओळख म्हणजे अशोका हलवा. आईने एक घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मुगाची डाळ. कणिक पण आहे थोडी. तूप सुटेपर्यंत परतलाय." दुकानदाराला विचारलं तर बरोबर निघालं. माझ्या आईला सहा दिवसांत जे देऊळ सगळ्यात आवडलं ते दारासुरमचं (कुंभकोणमच्या अलीकडे, तंजावरहून तासाभराचा रस्ता), कारण गर्दी नव्हती आणि बसायला हिरवळ होती. मला त्यातलं कोरीवकाम आवडलं. आईला हिरवळ. दोन्ही कारणं चालतात.

भिंतीचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही बृहदीश्वराला गेलो. मी प्लॅस्टिकचं घडीचं स्टूल नेलं होतं. खरं तर ते आत्यासाठी, कारण उंच गाडीत चढायला तिला पायरी लागते. बाबांनी ते भिंतीपुढे मांडलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. देवनागरी अक्षरं आहेत, पण काही ठिकाणी झिजलेली, ओळी लांबलचक, शब्द एकमेकांना चिकटलेले. एका ओळीला दोन-दोन मिनिटं लागत होती. मधेच थांबून म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही." मी म्हटलं, बाबा, १८०३ सालचं आहे. तर म्हणाले, "म्हणून काय झालं?" हातात लाल पेन नव्हतं म्हणून बरं.

कॉलेजातली दोन मुलं शेजारी येऊन उभी राहिली. तमिळ मुलं, रोज त्या आवारात येणारी, पण त्या भिंतीवर काय लिहिलंय हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. बाबांनी त्यांना सांगलीच्या इंग्रजीत व्यंकोजीपासून (शिवाजीराजांचे सावत्र भाऊ, तंजावरचे पहिले भोसले राजे) सरफोजीपर्यंत (ही भिंत ज्यांनी कोरवली ते राजे) सगळं सांगितलं. मुलं कंटाळली असावीत, पण उठून गेली नाहीत. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. आई आणि आत्या नंदीच्या मंडपाच्या सावलीत. मग बाबांनी बोटाने ओळ धरली (भिंतीला हात न लावता, हवेतच), डायरीत काहीतरी खूण केली, स्टूल मिटलं आणि म्हणाले, "उरलेलं उद्या."

मी जन्मात त्यांच्या तोंडून प्रवासात 'उद्या' ऐकलं नव्हतं. टूरवर उद्या म्हणजे दुसरं गाव असतं.

आम्ही तीन सकाळी तिथे गेलो. मधल्या एका दिवशी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. ग्रंथालयातलं सगळं काही आपल्याला हाताळता येत नाही, पण संग्रहालयाचा भाग बघता येतो. सरफोजीराजांच्या वेळचे डोळ्यांच्या रोग्यांचे कागद, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, या संग्रहात आहेत हे कळल्यावर नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आत्या एकदम जागी झाली. बाबा मात्र तिथे जरा अडचणीत आले. तंजावरच्या शाहराजांनी (तेच सांबारवाले शहाजीराजे) सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली, आणि आमच्या सांगलीचं, विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं. जन्मभर 'मराठी रंगभूमी सांगलीत जन्मली' शिकवलेल्या माणसाला तिथे उभं राहून हे गिळणं सोपं नव्हतं. "ते वेगळं, हे वेगळं," म्हणत त्यांनी कॉफी मागवली. 'शुगर इल्लामा' एवढं तमिळ त्यांना मधुमेहाने शिकवलं होतं.

तर तुमचा प्रश्न. टूर की आपलं आपण? आपलं आपण. एक गाव, एक हॉटेल, एक गाडी आणि तीच व्यक्ती रोज चालवायला. दिवसात एकच गोष्ट ठरवा, दुसरी ठरवूच नका. गाव निवडताना यादी बघू नका, आई-बाबा आयुष्यभर कशाबद्दल बोलत आले ते आठवा. तुमच्याकडे भिंत नसेल, दुसरं काही असेल. त्यांनाच विचारा, पण "कुठे जायचं?" असं विचारू नका. "तुम्हाला त्रास नको" असंच उत्तर येईल.

खर्चाचं विचारलंत. माणशी त्या टूरपेक्षा कमी आला, एवढंच सांगते. आकडा लिहिला की दादा इथेच खाली हिशेब मागेल.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. आम्ही शाकाहारी, त्यामुळे खाण्याबद्दलचं माझं मत तेवढ्यापुरतंच. त्या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, जानेवारीत पोंगलचा सण आणि त्यागराजांचा आराधना उत्सव, म्हणजे गर्दी. एप्रिलनंतर तर जाऊच नका. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, वडील कितीही "मी काय आजारी आहे का" म्हणाले तरी. पुण्याहून तंजावरजवळच्या त्रिचीपर्यंत विमानं बदलावी लागली, तो दिवस तिघांनाही जड गेला. दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका. तंजावरात मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. गरज पडली नाही.

आणि हो, टूर कंपन्या सगळ्यांसाठी वाईट असं नाही. दादाच्या सासूबाई एकट्या असतात. त्या दरवर्षी टूरला जातात, त्यांना तिथे मैत्रिणी मिळाल्या आहेत, कन्याकुमारीची पुरणपोळी त्यांना मनापासून आवडली. त्यांना सहा दिवस एका भिंतीपुढे बसवलं तर त्या मला शिव्या देतील. हे दादाचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. मी त्याला अजून तसं सांगितलेलं नाही.

परत आल्यावर दादा भेटायला आला. त्याने बाबांना विचारलं, "मग, झालं का तंजावर नीट बघून?" बाबांनी डायरी काढली, खूण केलेलं पान शोधलं आणि म्हणाले, "राहिलंय बरंच."

ता. क. दोघांनी निरोपात स्टुलाचं विचारलं. साधं प्लॅस्टिकचं घडीचं, भांड्यांच्या दुकानात मिळतं तेच. विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकलं होतं. घेताना स्वतः त्यावर उभं राहून बघा.