विसरण, परासरण आणि वहन: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: ‘विसरण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे होतं आणि परासरण कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, असं शिकवतात. मग या दोन विरुद्ध क्रिया आहेत का? आणि पेशीतून सोडियम बाहेर टाकला जातो त्याला यांपैकी काय म्हणायचं?’

विरुद्ध मुळीच नाहीत. घोटाळा विसरणात नाही, परासरणातही नाही. तो ‘संहती’, म्हणजे एखाद्या पदार्थाची दाटी, या शब्दात आहे. संहती म्हटलं की लगेच ‘कशाची?’ हे विचारायला हवं. विसरणाच्या व्याख्येत जो पदार्थ पसरतो त्याचीच संहती मोजलेली असते. परासरणाच्या व्याख्येत मात्र सरकतं पाणी आणि मोजतात विरघळलेल्या क्षाराची किंवा साखरेची संहती. जिथे क्षार कमी तिथे पाण्याच्या रेणूंचं प्रमाण जास्त. म्हणजे पाणी आपल्या परीनं जास्तीकडून कमीकडेच चाललेलं असतं. (काटेकोर बोलायचं तर इथे पाण्याचं रासायनिक विभव पाहावं लागतं, पण दिशा कळायला एवढं पुरतं.) व्याख्या ‘पाण्याचं, विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे, पटलातून जाणं’ अशी एकेक षष्ठी जागेवर ठेवून लिहिली, तर हा प्रश्न कुणाला पडणारच नाही. घाईत लिहिलेल्या व्याख्यांत नेमकी तीच गळते.

यात ‘परा’ या उपसर्गाचाही थोडा हात असावा. पराभव, परावर्तन, पराङ्मुख या शब्दांत ‘मागे, उलट, दूर’ असा भाव आहे. त्यामुळे परासरण म्हणजे ‘उलटं सरणं’ असं कानाला वाटतं. पाणी आपल्या कलाच्या उलट जात नाही, म्हणून इथे ‘दूर’ हाच अर्थ घ्यावा. १७४८ साली नोले या फ्रेंच संशोधकानं मद्यार्कानं भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यानं बंद करून ते पाण्यात बुडवलं, तेव्हा पाणी आत शिरत गेलं आणि पडदा फुगला. परासरण म्हणतात ते हेच: पडदा हवा, आणि त्यातून जाणारं द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, हवा. म्हणून ‘मिठाचं परासरण’ हा शब्दप्रयोग चूक. मिठाचं विसरण होतं, परासरण पाण्याचं.

आता धातू पाहू. दोन्ही शब्द ‘सृ’ म्हणजे जाणं, सरकणं यापासून आले. ‘वि’मध्ये चहूकडे पांगण्याचा भाव आहे, आणि रेणू खरोखर तसेच वागतात. एकेक रेणू वाटेल त्या दिशेनं धडपडतो. तरीही दाटीतून विरळ जागी जाणारे संख्येनं जास्त निघतात, म्हणून एकूण सरक तिकडे दिसते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड पेशीपटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पडद्याच्या, मेदाच्या दुहेरी थरातून असेच आरपार जातात. त्यांना कुणी नेत नाही.

सोडियमचं तसं नाही. त्याला बाहेर काढणारं प्रथिन एका फेरीत सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित अणू) बाहेर टाकतं, पोटॅशियमचे दोन आत घेतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्च करतं. दोन्ही आयन कमी संहतीकडून जास्तीकडे, म्हणजे चढावर नेले जातात. हे प्रथिन १९५७ मध्ये दाखवून देणाऱ्या येन्स स्को यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. इथे ‘सरण’ चालणार नाही. इथे ‘वह्’ धातू हवा, वाहून नेणं. ‘सक्रिय वहन’ हा शब्द मला म्हणूनच फार नेमका वाटतो: सरणं आपसूक, वाहणं कुणीतरी केलेलं. ही वाटणी पेशीपटलापुरतीच धरावी. उष्णतेचं वहन आपोआपच होतं आणि रक्ताभिसरणाला हृदयाचे ठोके लागतात, तेव्हा सगळ्या विज्ञानाला ती लावू नये.

मधली एक अवघड जागा आहे. ग्लुकोजला मेदाच्या थरातून सहज जाता येत नाही. बहुतेक पेशींत त्याला प्रथिन पलीकडे पोचवतं. मग हे वहन का नाही? कारण ग्लुकोज उताराच्याच दिशेनं जातं आणि त्यासाठी एटीपी लागत नाही. दार प्रथिनाचं, जाणं ग्लुकोजचं. म्हणून नामात ‘विसरण’ राहतं आणि त्याआधी ‘सुलभ’ हे विशेषण लागतं. पाण्यासाठीही अशी प्रथिनांची दारं असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं, पण दार असलं तरी पाण्याच्या जाण्याला परासरणच म्हणायचं.

क्रियापदाबद्दलही लिहितो, कारण भाषांतरात ही चूक वारंवार दिसते. ‘ऑक्सिजन पेशीत विसरतो’ असं लिहू नये. मराठीतलं ‘विसरणे’ हे ‘वि + स्मृ’पासून, आठवण जाण्याच्या अर्थानं आलेलं वेगळं क्रियापद आहे, ‘विसरण’शी त्याचं नातं नाही. ‘विसरण होतं’ किंवा ‘विसरित होतो’ लिहावं.

पटलाला ‘अर्धपार्य’ म्हणावं का? द्रावक जाऊ देणारा आणि द्राव्य अडवणारा कृत्रिम पडदा असेल तर जरूर. पेशीपटल मात्र कोणता आयन, केव्हा, किती हे ठरवतं, तेव्हा शालेय पुस्तकांतला ‘निवडक्षम पारपटल’ हा शब्दच तिथे शोभतो. समपरासारी (पेशीतल्याइतकंच संहत), अवपरासारी (त्याहून विरल), अतिपरासारी (त्याहून संहत) ही विशेषणं द्रावणाला लावतात, तीही पेशीच्या तुलनेत. ०.९ टक्के मिठाचं पाणी तांबड्या रक्तपेशीला समपरासारी असतं. त्यात ती फुगत नाही, आकसतही नाही. ‘हे द्रावण अवपरासारी आहे’ एवढंच वाक्य अपुरं आहे. कोणत्या पेशीला, ते लिहावंच लागेल.