टपावरचा व्हेंट उघडाच राहतो
वाचकांचे प्रश्न : कॅम्पर व्हॅन

प्रश्न : जुन्या सतरा सीटर गाडीची कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. सहलीआधी ८५ बाबींची चेकलिस्ट भरतो. तरी दोनदा टपावरचा व्हेंट (हवा खेळण्यासाठीचा झाकणाचा झरोका) उघडा ठेवून निघालो. दुसऱ्या वेळी झाकण हायवेवर उडालं. यादीत आणखी काय घालावं? (कोल्हापूर)

उत्तर : घालू नका, काढा. 'मीठ', 'टॉर्च' आणि 'व्हेंट बंद' एकाच रांगेत बसले की हात सवयीने खुणा करत सुटतो. शिवाय यादी भरताना तुमचा व्हेंट बंदच असणार. सकाळी चहा करताना कुणीतरी तो उघडतं आणि यादी तर आदल्या रात्रीच भरून झालेली असते. चूक वेळेची आहे.

म्हणून यादीचे वेळेप्रमाणे तुकडे पाडा. आठवडाभर आधी ब्रेक ऑइल, कूलंट, टायर, स्टेपनीची हवा, पीयूसी आणि विम्याची तारीख. टायर बघताना नक्षीवर विसंबू नका. कॅम्पर पळते कमी, उभी जास्त. नक्षी शाबूत आणि रबर तडकलेलं, असं सर्रास दिसतं. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांपुढच्या क्रमांकाच्या शेवटी २३१९ असेल, तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. आदल्या संध्याकाळी पाणी, गॅस, बॅटरी. सामानाचा कागद वेगळा. मीठ वाटेतही मिळतं.

चावी फिरवण्याआधीची यादी मात्र नऊ ओळींचीच, आणि ती स्टिअरिंगला अडकवलेली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. व्हेंट बंद. खिडक्या बंद. फ्रीजच्या दाराची आणि ड्रॉवरची कडी लावलेली. बाहेरची वीजवायर आत. ऑनिंग (गाडीच्या बाजूला ओढायचं कापडी छत) गुंडाळून पट्टा बांधलेला. पायरी आत. चाकांखालचे ठोकळे उचललेले. माणसं मोजलेली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने त्या वस्तूला हात लावून उत्तर द्यायचं. मध्येच फोन आला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

ही शिस्त वैमानिकांकडून आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान उडाल्याबरोबर कोसळलं. उभ्या विमानाचे शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे नवखे नव्हते, म्हणून त्यानंतर वैमानिकांसाठी यादी आली. तुमचे ठोकळे आणि वीजवायर याच जातीचे : मुक्कामाला लावलेले, निघताना विसरलेले.

प्रश्न : १५० एएचची (अँपिअर-अवरची) ट्यूब्युलर बॅटरी रात्री 'फुल' दाखवते, तरी पहाटे चारला फ्रीज बंद पडतो. बॅटरी बदलावी का? (ठाणे)

उत्तर : आधी हिशेब. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर मे महिन्यातल्या कोकणात ६० टक्के वेळ चालतो असं धरलं, तर २४ तासांत साधारण ६५० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टला ५४ अँपिअर-अवर. पंखा आणि दिवे मिळून आणखी २०. ट्यूब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरीच, आणि ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ७५. दिवसभराला जेमतेम, पण एका रात्रीला भरपूर. तेव्हा बॅटरीवर पैसे घालवण्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक, गाडी थांबल्याबरोबर दिसणारं 'फुल' फसवं असतं. सगळं बंद करून दोन-तीन तासांनी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. यादीत बरोबरच्या खुणेला जागाच ठेवू नका, 'बॅटरी..... व्होल्ट' असं लिहा.

दोन, वायर. गॅरेजवाले बऱ्याचदा दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर ओढतात. सहा मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन बारा. चार अँपिअरला त्यातच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतो. बॅटरीत १२ असताना फ्रीजला साडेअकराही मिळत नाहीत. त्यात फ्रीजचं बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज उतरलं की फ्रीज बंद करणारी सेटिंग) 'हाय'वर असेल तर तो तिथेच बंद होतो. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीजच्याच टर्मिनलवर मोजा. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातली तर गळती ०.१५ व्होल्टवर येते. फ्रीजची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी असेल तर प्रोटेक्शन 'मीडियम'वर आणा.

प्रश्न : टाकी धुऊनही पाण्याला वास येतो. (नाशिक)

उत्तर : वास टाकीपेक्षा पाइपात आणि पंपाच्या जाळीत जास्त मुरतो. ६० लिटरच्या भरल्या टाकीत ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ६० मिलिलिटर घाला. सुगंध किंवा साबण मिसळलेलं नको. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास थांबा, ओतून द्या आणि दोनदा साध्या पाण्याने काढा. मग परतीच्या दिवसाची यादी लिहा, ती बहुतेकांकडे नसतेच : टाकी रिकामी, नळ उघडे, पंपाची जाळी धुतलेली, फ्रीजचं दार फटीपुरतं उघडं.