हॅलिगन बार राहू द्या, आधी स्वतःचं दार बघा

तुम्ही विचारलंय की ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहता, चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे, आग किंवा भूकंपात कोणी आत अडकलं तर दार-ग्रिल तोडायला सोसायटीच्या किटमध्ये कोणती हत्यारं ठेवावीत, आणि ऑनलाइन दिसणारा हॅलिगन बार, म्हणजे अग्निशमन दलाचं दार उचकटायचं हत्यार, घ्यावा का.

मी चिपळूणला फॅब्रिकेशनचं काम करतो. ग्रिल, गेट, सेफ्टी डोअर. म्हणजे माणसं आत अडकतात त्यातली निम्मी तजवीज माझ्याच हातची.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वर्कशॉप पाण्याखाली गेलं. वेल्डिंग मशीन, लोखंड कापायचे दोन्ही ग्राइंडर, सगळं गेलं. पलीकडच्या घरात वरच्या मजल्यावर म्हातारं जोडपं अडकलेलं, जिना पाण्यात, आणि गॅलरीला चारी बाजूंनी ग्रिल. आम्ही तिघं शेजारच्या पत्र्यावर. लाइट नाही, म्हणजे ग्राइंडर वाचला असता तरी उपयोग शून्य. हातात एक पहार आणि एक हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, त्याचं ब्लेड अर्धं बोथट. १२ मिलिमीटरचा चौकोनी बार कापायला घेतला तेव्हा आठवलं की हे ग्रिल मीच बसवलंय, आणि काकांनी "दणकट पाहिजे हां" म्हणून बजावलं होतं. दणकटच निघालं. दोन बार कापले, बाकीचे पहारीने वाकवले, पाऊण तास गेला. आग असती तर पाऊण तास कोणी दिला नसता.

तेव्हा माझा पहिला सल्ला खरेदीचा नाही. एका रविवारी जिना चढत प्रत्येक मजल्यावर थांबा आणि बघा की तोडायची वेळ आली तर नेमकं काय तोडावं लागेल. लाकडी दार आहे की बाहेर लोखंडी सेफ्टी डोअरही आहे, ते कुठल्या बाजूला उघडतं, ग्रिलची सळई किती जाड, पॅसेजमध्ये घण फिरवायला जागा आहे का. हत्यार त्यावरून ठरतं.

हॅलिगन बारचं म्हणाल तर हत्यार उत्तम आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले ह्यू हॅलिगन यांनी १९४८ साली ते बनवलं. एका टोकाला दुभंगलेली कटावणी, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि चोच. पण ते चालवायला सराव लागतो, आणि दुसऱ्या माणसाने मागून कुऱ्हाडीच्या सपाट बाजूने ठोकत राहावं लागतं. सराव नसलेल्या माणसाच्या हातात ती महागडी पहार आहे. तेवढ्या पैशांत इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून अख्खं किट होईल.

पहार मात्र घ्याच, आणि ती बघून घ्या. २५ मिलिमीटर जाड, चार फूट लांब, वजन साडेचार-पाच किलो. दुकानदार वजनावर देतो. एक टोक चपटं, एक टोकदार. चपटं टोक मऊ असेल तर पहिल्याच जोराला मुडपतं, म्हणून लोहाराकडून त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून बुडवून कडक करून घ्या. चार फूटच का? टोकापासून दहा सेंटिमीटरवर टेकू दिला तर तुमच्या हाताचा जोर सुमारे अकरा पट होतो. तीस किलोचा दाब दिला तर तीनशे किलोच्या वर उचललं जातं. पाच इंची स्लॅबचा मीटरभर लांब, मीटरभर रुंद तुकडा साधारण तीनशे किलोचाच भरतो, आणि तुम्हाला त्याची एकच कड उचलायची असते. दोन फुटी कटावणीही एक असू द्या, दाराच्या फटीत आणि अडचणीच्या जागी तीच चालते.

आता यातली गोम. उचललेलं तसंच हातावर धरून ठेवायचं नाही. वखारीतून चार बाय चार इंची लाकडाचे दीड फुटी ठोकळे वीसेक आणा, बरोबर मूठभर पाचरी. कड जरा उचलली की खाली ठोकळा, आणखी जरा उचलली की आडवा दुसरा. पहार निसटली तरी ओझं ठोकळ्यावर बसतं, माणसावर नाही. किटची यादी करताना हे लाकूड हमखास गाळलं जातं, कारण ते हत्यारासारखं दिसत नाही. माझ्या मते पहारीनंतर त्याचाच नंबर. गाडीचा बाटली जॅकही चालतो, पण त्याच्या खाली फळी हवी, नाहीतर तो राडारोड्यात रुततो.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. कोणाचा हात-पाय तासाभराहून जास्त वेळ दबून राहिला असेल तर ओझं घाईने काढू नका. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं. १०८ ला तसं स्पष्ट सांगा, डॉक्टर पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहा. वरून आणखी काही कोसळणार असेल किंवा आग जवळ आली असेल तर गोष्ट वेगळी.

कापायच्या हत्यारांत २४ इंची बोल्ट कटर. साधं कुलूप, साखळी, पातळ सळई यांना पुरतो. जाड चौकोनी बारला दम लागतो आणि कडक पोलादाच्या कुलपावर त्याचंच पातं चेपतं. हॅक्सॉ स्वस्त आहे, फ्रेम एक आणि बायमेटल ब्लेडं दहा घ्या. ब्लेडचे दात पुढच्या दिशेने बसवायचे. हसू नका, घाईत उलटं लावलेलं ब्लेड मी पाहिलंय. प्रत्येक सळईला वर-खाली दोन काप लागतात, चार सळयांचे आठ काप, म्हणून एकट्याने सुरुवात करू नका, आलटून पालटून कापा.

बॅटरीचा ग्राइंडर घ्यायचा मोह होईल. मी रोज वापरतो, त्याच्यासारखं काम कोणी करत नाही. पण बॅटरी वर्षभर कोण चार्ज करणार, हे आधी मीटिंगमध्ये ठरवा. शिवाय त्याच्या ठिणग्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. गॅसचा वास येत असेल तिथे ग्राइंडर नको, आणि लोखंडावर घणही नको.

घण दोन किलोचा, आखूड दांड्याचा. पाच किलोचा घण दिसायला भारी, पण सोसायटीच्या पॅसेजमध्ये तो डोक्यावरून फिरवायला जागाच नसते. सोबत एक जाड छिन्नी. कधीकधी दारापेक्षा शेजारच्या फ्लॅटमधली चार इंची विटांची भिंत लवकर फुटते. कॉलम आणि बीमला हात लावू नका, आणि इमारत आधीच कलली असेल तर कुठल्याच भिंतीला नको.

राडारोडा उपसायला फावडं आणि चार घमेली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं छत माणसांवर आलं. तिथे कापण्यापेक्षा उपसायचंच काम जास्त होतं. बाकी चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, आयएसआय मार्कचं हेल्मेट, डोक्याला लावायचा टॉर्च, शिट्टी, धुळीसाठी मास्क, हे प्रत्येकी तीन-चार. दोर घ्या, पण ओढायला आणि बांधायला. दुकानातल्या नायलॉनच्या दोरीवर लटकून तिसऱ्या मजल्यावरून उतरायचा विचारही करू नका.

कारसाठी वेगळी छोटी काच फोडायची पिन आणि बेल्ट कापायचं पातं, ड्रायव्हरच्या हाताशी. डिकीत नको. बाजूची काच कोपऱ्यात मारली की तिचा चुरा होतो. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. काही नव्या गाड्यांना बाजूलाही तशीच काच येते, तुमची कुठली ते आत्ताच विचारून घ्या.

पेटी कुठे ठेवणार? तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये नाही, आणि गच्चीवरच्या खोलीत तर मुळीच नाही. त्या खोलीची चावी वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर ठेवा, येण्याजाण्याची वाट अडवणार नाही अशी. कुलूप नको, प्लास्टिकचं सील लावा. कुलूप तोडायची हत्यारं कुलपात ठेवलेली सोसायटी मी पाहिली आहे.

दार तोडायच्या आधी १०१ किंवा ११२ ला फोन झालेला असावा, कमिटीतलं कोणीतरी सोबत असावं, मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवावं. आणि ही हत्यारं उगाच पाठीवरच्या पिशवीत घेऊन रात्री फिरू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमात सूर्यास्तानंतर घरफोडीचं हत्यार विनाकारण जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

आता माझ्या धंद्याचं. या सगळ्या खर्चाआधी प्रत्येक फ्लॅटच्या एका ग्रिलला दोन बाय दोन फुटांची उघडती खिडकी करून घ्या. आतून कडी, कुलूप लावलंच तर चावी हाताच्या अंतरावर खिळ्याला, मुलांना दाखवून ठेवलेली. बिजागरांना वर्षातून दोनदा तेल. पुरानंतर मी अशा खिडकीशिवाय ग्रिल बनवत नाही. त्यापायी दोन गिऱ्हाइकं गेली, चोर येईल म्हणाली. काकांच्या गॅलरीला नवीन ग्रिल बसवलं तेव्हा त्यांनी दणकट-बिणकट काही म्हटलं नाही, खिडकी स्वतः तीनदा उघडून बघितली आणि मग पैसे दिले.