गावचा सांडपाणी प्रकल्प वाढवायचाय, सुरुवात कुठून करायची?

टाकी किती मोठी करायची हा तुमचा प्रश्न नंतरचा. आधी आज येणारं पाणी मोजा.

कागदावर हिशोब सोपा असतो: माणशी 135 लिटर पुरवठा, त्याचं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे 10,000 वस्तीला रोज साधारण 10.8 लाख लिटर. पण आपल्या खान्देशात बऱ्याच गावांना नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरोघरी धुणी निघतात, अंगणं धुतली जातात आणि गटार भरून वाहते; मधल्या दिवशी नुसतं चिखलपाणी. म्हणून नळाचा दिवस आणि कोरडा दिवस, दोन्ही दिवस तासातासाला प्रवाह मोजा. पावसाळ्यातही मोजा. सरासरीवर बांधलेला प्रकल्प नळाच्या दिवशी हमखास कोलमडतो. समतोल टाकी, म्हणजे कमीजास्त येणारं पाणी साठवून पुढे एकसारखं सोडणारी टाकी, वाढवली तर पुढची निम्मी दुखणी तिथेच थांबतात, असं माझं ठाम मत आहे.

हवा देणारे ब्लोअर निवडताना मे महिना डोळ्यासमोर ठेवा. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशाला साडेसातच; म्हणून घाण खाणाऱ्या जिवाणूंना तेवढाच ऑक्सिजन पुरवायला उन्हाळ्यात हवा जास्त द्यावी लागते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बांधकामाआधी घ्या.

आणि काम चालू असताना पाणी नाल्यात सोडू नका, कळकळीने सांगतो. तो नाला शेवटी गिरणा, पांझरा किंवा तापीलाच मिळतो. एक टाकी चालू ठेवून दुसरीचं काम करा. जुन्या टाकीतला जिवंत गाळ, म्हणजे या जिवाणूंनी भरलेला गाळ, जपून ठेवा, नवीन टाकीला विरजण तोच.