एलएम३१७ चा लेझर ड्रायव्हर करपला, रेझिस्टर मात्र शाबूत. नेमकं काय जळलं?

तुम्ही दिलेली माहिती अशी : १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, एलएम३१७ (लेझरला जाणारा करंट ठराविक ठेवणारा रेग्युलेटर आयसी), ५ ओहमचा रेझिस्टर, डीव्हीडी रायटरमधला लाल डायोड. आयसी आणि डायोडचं हाउसिंग एकाच ॲल्युमिनियम पट्टीला स्क्रूने बसवलेलं. आयसीच्या पायांपाशी बोर्ड काळा पडला, रेझिस्टर जसाच्या तसा, आणि डायोड नुसता फिकट लाल उजळतो.

रेझिस्टर शाबूत राहिला, हीच खरी खूण आहे. जास्तीचा करंट त्यातून गेलाच नाही, पट्टीतून गेला. एलएम३१७ ची मागची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते. डायोडची बॉडीही बऱ्याचदा त्याच्या एखाद्या पायाला जोडलेली असते. ती ॲनोडला (प्लस पायाला) असेल तर पट्टीमुळे आउटपुट आणि ॲनोड यांच्यामधला, करंट ठरवणारा रेझिस्टर बायपास होतो, आयसी करंट आवरू शकत नाही आणि डायोड तत्क्षणी जातो. कॅथोडला (मायनस पायाला) असती तर आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट झालं असतं, पण डायोड बहुधा वाचला असता. म्हणून माझा संशय ॲनोडवर.

खात्री करून घ्या. सप्लाय काढा, मीटर २०० ओहमवर ठेवा, एक प्रोब आयसीच्या पाठीला, दुसरा डायोडच्या ॲनोडला. साधारण ५ ओहम आले तर ठीक, शून्याजवळ आले तर शॉर्ट. बझर वापरू नका, तो ५ ओहमलाही वाजतो.

तो डायोड आता दुरुस्त होत नाही. आतला आरसा जळाला की लेझरचा एलईडी होतो. आयसीही बदला. करपलेला बोर्ड खरवडून वापरू नका, कारण कोळसा झालेल्या भागातून करंट गळतो. नवा झीरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड) घ्या. नाशकात एमजी रोडला हे सगळं सुटं मिळतं.

नव्याने बांधताना आयसीखाली अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच, किंवा सरळ दोन वेगळे हीटसिंक. २५० मिलिअँपिअरला ५ ओहमवर ०.३१ वॅट उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर पुरत नाही. १० ओहमचे अर्ध्या वॅटचे दोन समांतर जोडा. १२ ऐवजी ९ व्होल्ट द्या. १२ वर आयसीला २ वॅटच्या आसपास जाळावे लागतात, ९ वर सव्वा. एप्रिल-मेमध्ये नाशकात खोलीच इतकी तापते, की हा फरक जाणवतो.

लेझर डायोड लगेच लावू नका. त्याच्या जागी तीन १एन४००७ (साधे रेक्टिफायर डायोड) आणि १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून पंधरा मिनिटं चालवा. १ ओहमवर २५० मिलिव्होल्ट स्थिर दिसले, की सप्लाय बंद करून आउटपुट क्षणभर शॉर्ट करा. हे विसरलात तर आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एका झटक्यात नवा डायोडही घेऊन जाऊ शकतो. लेझर डायोडला उलटा एक १एन४००७ समांतर ठेवा, म्हणजे तारा उलट्या लागल्या तरी तो वाचेल.

आणि ६५० नॅनोमीटरसाठीचा, ओडी ४ चा (किरण दहा हजार पटीने मंद करणारा) गॉगल घेतल्याशिवाय स्विच दाबू नका. हा क्लास ३बी चा लेझर आहे. पापणी मिटायच्या आत डोळ्याच्या पडद्याला इजा होते, चकचकीत स्टीलवरून परतलेल्या किरणानेसुद्धा.