तुमचे प्रश्न : रात्री कुठे जायचं आणि सकाळी परत कसं यायचं

मी २३ वर्षांचा आहे, सातपूरला कंपनीत आहे. नाशिकमध्ये गे बार आहे का? नेटवर शोधलं की यादी येते. त्यातल्या दोन ठिकाणी जाऊन आलो, साध्या पर्मिट रूम निघाल्या. – एक वाचक, सातपूर

नाही. त्या याद्यांवर पुन्हा पैसे घालवू नका. शहराचं नाव आणि चार पबांची नावं जोडून त्या बनवलेल्या असतात. नाशिकमध्ये दारावर तशी पाटी असलेलं किंवा त्यासाठी ओळखलं जाणारं ठिकाण नाही. आहेत ती नेहमीचीच ठिकाणं. तिथे कुठल्या वारी, किती वाजता जायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या रेस्टो-बारमध्ये मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ दोन पुरुष एका टेबलावर बसले तर कोणी मान वळवून बघत नाही. शनिवारी मात्र दारातच अडतं. 'कपल किंवा ग्रुप, स्टॅग नाही' या नियमात तुम्ही दोघं म्हणजे दोन स्टॅग, बरोबर मुलगी नसलेले पुरुष. बाउन्सरशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याला वरून तेवढंच सांगितलेलं असतं. दुपारी फोन करून थेट विचारा : "स्टॅग एंट्री आहे का? टेबल बुक केलं तर चालेल का?" चौघांचं टेबल बुक असेल तर बहुतेक वेळा आत घेतात. द्वारका, मुंबई नाका या बाजूच्या पर्मिट रूम जेवायला उत्तम, ओळखी व्हायला निरुपयोगी.

तुमच्या वयाचा मुद्दा वेगळा आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५. म्हणजे तुम्हाला अजून दोन वर्षं बिअर-वाइनच. त्या हिशेबाने गंगापूर धरणाकडच्या वायनरी सोयीच्या आहेत. दुपारी उजेडात जाता येतं, गर्दी बाहेरगावची असते, शेजारचे काका भेटण्याची शक्यता कमी. फक्त परतीची गाडी जातानाच ठरवा. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला ॲपवर कॅब दाखवते, पण येत नाही.

खऱ्या ओळखी नाशिकमध्ये घरगुती बैठकांतून होतात. पाच-दहा जण, कोणाच्या तरी फ्लॅटवर. तिथे पोचायला आतला एक माणूस ओळखीचा लागतो. त्याला आधी दिवसाढवळ्या कॉफीला भेटा. मधली ही पायरी गाळून थेट फ्लॅटवर जाऊ नका. का, ते खाली अंबडच्या प्रश्नात आहे.

आम्हा दोघांना शनिवारी रात्री मुंबईत जायचंय. कुठल्या भागात काय असतं? घरी माहीत नाही, रविवारी दुपारच्या जेवणाला परत हवं. – इंदिरानगर

मुंबईतही गे बार शोधायला निघालात तर फसाल. तिथे जागा नसतात, 'नाइट' असतात. एकाच हॉलमध्ये शुक्रवारी बॉलिवूड नाइट, शनिवारी आपली पार्टी आणि रविवारी कोणाचं तरी संगीत. म्हणून भाग नंतर, आधी तारीख बघा. १९९८ पासून चालत आलेला गे बॉम्बे हा गट आणि त्यानंतर आलेला सॅल्व्हेशन यांच्या पार्ट्या सर्वांत जास्त माहीत असलेल्या. घोषणा इन्स्टाग्रामवर होते, तिकीट ऑनलाइन निघतं. बुधवार-गुरुवारपर्यंत काहीच दिसलं नाही तर त्या शनिवारी मुंबईला जाऊ नका, नुसता खर्च होईल.

आता भाग. कुलाब्यात एके काळी व्हूडू नावाचा पब शनिवारसाठी प्रसिद्ध होता. जुनी मंडळी आजही त्याच्या आठवणी काढतात, पण तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आज कुलाबा-फोर्ट संध्याकाळचं फिरणं आणि जेवण यासाठी ठीक. लोअर परळला गिरण्यांच्या आवारात मोठे हॉल आहेत. तिथल्या पार्ट्या चकचकीत आणि महाग, कपडे बघून माणसं बोलतात. वांद्रे-खारला जागा लहान, टेबलं जवळजवळ. ओपन माइक, कवितावाचन, ड्रॅगचे (बहुधा पुरुषांनी झगमगीत स्त्रीवेषात केलेले) छोटे प्रयोग तिथे रंगतात आणि गप्पा ऐकूही येतात. अंधेरी पश्चिमेला, लिंक रोड-वीरा देसाई रोडच्या पट्ट्यात, मोठ्या पार्ट्या. पश्चिम उपनगरात राहणारी आपली माणसं तिथे सहज येतात, त्यामुळे गर्दी मिसळ असते : कॉल सेंटरवाला, डॉक्टर, विरारहून आलेला विद्यार्थी. अंधेरी पूर्वेला विमानतळाजवळ द ललित हॉटेलातल्या किटी सू या क्लबचं नाव ड्रॅगमुळे झालं. पहिल्यांदा जाणाऱ्याने अंधेरी पश्चिम धरावं, असं आमचं मत. लोअर परळला नवखा माणूस भिंतीला टेकून उभा राहतो आणि तसाच परत येतो.

तिकिटावर 'एंट्री' लिहिलंय की 'कव्हर', नीट वाचा. एंट्री म्हणजे गेलेले पैसे. कव्हर म्हणजे तेवढ्या रकमेचं आत पिता-खाता येतं, पण उरलेली रक्कम परत मिळत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात काउंटरवर झुंबड उडते ती त्यामुळेच. कव्हर एक वाजायच्या आत संपवा. मूळ ओळखपत्र न्या, मोबाइलमधला फोटो दारावर चालेलच असं नाही. दारू पिण्याचा परवाना कायद्याने लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो, वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपयांना. दारावर सहसा कोणी मागत नाही, पण वर्षाचा काढून ठेवला की विषय संपतो.

वेळेचं गणित नाशिककरांचं हमखास चुकतं. साडेनऊ-दहाला दार उघडतं, साडेअकरापर्यंत आत डीजे आणि वेटर, आणि दीडला दिवे लागतात. म्हणजे खरी पार्टी दोन तासांची. आपली पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते, ती या कामाची नाही. सकाळी सव्वासहाच्या सुमाराला सीएसएमटीहून तपोवन एक्स्प्रेस आहे आणि पाठोपाठ शिर्डीची वंदे भारत. दोन्ही नाशिकरोडला थांबतात. आरक्षण जाण्याआधीच करा आणि वेळ एकदा तपासून घ्या. म्हणजे रविवारचं वरण-भात घरी.

अडचण आहे ती दीड ते सव्वासहा या मधल्या वेळेची. शेवटची लोकल तोवर गेलेली असते, पहिली पहाटे चारच्या सुमाराला. पार्टीत सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते या पावणेपाच तासांत. झोप आलेली, फोनची बॅटरी दहा टक्के, आणि तासाभरापूर्वी भेटलेला कोणी म्हणतो, "चल, माझं घर इथेच आहे." जायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण केवळ झोपायला जागा नाही म्हणून जाऊ नका. दोघांनी मिळून स्टेशनजवळ साधी खोली आधीच घ्या, किंवा दोघांनी एकत्रच बाहेर पडायचं हे ठरवून टाका. पॉवर बँक न्या. अंधेरीहून पहिल्या लोकलने दादरला आलात तर सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. तिकिटावर बोर्डिंग दादर करून घ्या म्हणजे झालं.

मी मुलगी आहे, वय २७. वरच्यासारख्या पार्ट्यांत मुली असतात का? – गंगापूर रोड

असतात, पण शंभरात पाच-दहा. मुख्य पार्टी पुरुषांची असते आणि प्रेयसीबरोबर आलेल्या मुलींना नुसती 'मैत्रीण'च समजलं जातं. तुमच्यासाठी वांद्रे-खारच्या बसून बोलायच्या संध्याकाळी जास्त कामाच्या. गेसी फॅमिली या आपल्या लोकांच्या गटाचे कार्यक्रम बघा. आधी स्त्री संगम आणि मग लाबिया या नावाने ओळखला गेलेला मुंबईतला गट १९९५ पासून लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रिया व ट्रान्स व्यक्तींबरोबर काम करतो. या संध्याकाळी लवकर आटपतात, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नही हलका होतो.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर बँकॉकला चाललोय. दोन रात्री मला मोकळ्या मिळतील. कुठे जाऊ? – पाथर्डी फाटा

इथे मात्र पत्ता सांगता येतो. सिलोम. बीटीएसचं (पुलावरून धावणारी रेल्वे) साला डेंग किंवा एमआरटीचं (भुयारी मेट्रो) सिलोम स्टेशन, तिथून काही मिनिटं चालत. 'सोई' म्हणजे गल्ली. सिलोम सोई ४ ही आपल्या बोहोरपट्टीसारखी चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना पायरीवर खुर्च्या, येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो. टेलिफोन पब आणि बाल्कनी ही इथली जुनी नावं, स्ट्रेंजर बारमध्ये ड्रॅग. संध्याकाळी आठला एक खुर्ची पकडा, एक बिअर घ्या आणि तासभर नुसतं बघा. एकट्या माणसासाठी याहून सोपी सुरुवात नाही.

अकरानंतर लोक उठून सोई २ कडे सरकतात. तिथे डीजे स्टेशन, अनेक मजल्यांचा डान्स क्लब. थायलंडमध्ये पिण्याचं वय २० आणि इथे ओळखपत्र बघतात, म्हणून पासपोर्ट लागतो. तिकिटात ड्रिंकचं कूपन असतं, ते फेकू नका. बीटीएस मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते. परतीला मीटरची टॅक्सी किंवा ॲप, रांगेत उभ्या टुकटुकला विचारूच नका.

शेजारचं पॅटपाँग वेगळं प्रकरण आहे. 'वर शो आहे, फुकट' म्हणत जिन्याकडे नेतात आणि खाली उतरताना भलतंच बिल हातात पडतं. पुरुषांच्या शो-बारमध्ये जायचंच असेल तर बसण्याआधी मेनूकार्डवर ड्रिंकचा भाव बघा आणि शेजारी येऊन बसलेल्याचं ड्रिंक तुमच्या बिलात धरतात हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या रात्री चतुचक बाजाराजवळ ऑर तोर कोर भागात जा, पण तिथली ठिकाणं चालू आहेत का ते आधी बघून घ्या. एमआरटीचं कम्फेंग फेत स्टेशन. गर्दी थाई, गाणी थाई, इंग्रजी कमी. इथे ग्लास नाही, बाटली मागवतात : व्हिस्की, सोडा, बर्फाची बादली, आणि टेबलाभोवती उभं राहून सगळे त्यातून घेतात. एकटे गेलात तर अवघडल्यासारखं होईल, सोई ४ वर ओळख झालेल्या कोणाबरोबर गेलात तर सिलोमपेक्षा जास्त मजा.

व्हेप न्यायचं नाही, तिथे बंदी आहे. बौद्ध सणांना दारूबंदी असू शकते, तारखा बघून घ्या. पॉपर्स नावाची हुंगायची बाटली कोणी पुढे केली आणि तुम्ही व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असेल, तर हात लावू नका. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो, जीव जाऊ शकतो. आणि ऑफिसच्या ग्रुपचं म्हणाल तर पॅटपाँगचा रात्रबाजार बघायला तेही येणारच आहेत. सोई ४ वर बाहेरची खुर्ची नको, आतली घ्या.

ॲपवर ओळख झालेल्याने अंबडजवळच्या खोलीवर बोलावलं. तिथे आणखी तिघं आले, व्हिडिओ काढला, दहा हजार घेतले. आता पुन्हा मागतायत. तक्रार केली तर माझ्यावरच केस होईल का? – नाव नको

तुमच्यावर केस होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञानांमधले संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. त्यांनी केलं ते खंडणी, कलम ३०८.

आणखी एक रुपयाही देऊ नका. दुसरा हप्ता दिला की तिसरा ठरलेला. चॅट, प्रोफाइल, नंबर, यूपीआयची नोंद यांचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. ते आधी, ब्लॉक नंतर. ब्लॉक केल्यावर काही ॲपवरचं संभाषणच नाहीसं होतं आणि पुरावा जातो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, मागा. तक्रारीत 'ओळखीच्या माणसाने खोलीवर बोलावून धमकावलं, व्हिडिओ काढला, पैसे उकळले' एवढं पुरतं, तुमची लैंगिकता लिहिणं गरजेचं नाही. एकटे जाऊ नका, वकील किंवा एखादा मित्र बरोबर असला की बोलण्याचा सूर बदलतो. मुंबईची हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून आहे, अशा प्रसंगी त्यांच्याशी बोलता येतं.

उघड्यावर भेटणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : ३७७ गेलं तरी सार्वजनिक जागी असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० आहे, आणि बागेत, घाटावर धमकावताना तेच पुढे केलं जातं.

नाशिकमध्ये दोन मुलांना हॉटेलात खोली देत नाहीत, हा कायदा आहे का? – नाशिकरोड

कायदा नाही. बहुतेकदा अडतं ते 'लोकल आयडी'वर, दोघंही नाशिकचे म्हणून. त्र्यंबक रोड असो वा स्टेशनसमोर, बुकिंग करतानाच 'लोकल आयडी चालतो' असं लिहिलेलं बघा. नोंद दोघांचीही करा. एकाचीच केली आणि रात्री तपासणी झाली तर अडचण दुसऱ्याची होते.

शनिवारी रात्री कंडोम फाटला. तपासणी कधी करू? – सिडको

तपासणी नंतर, आधी औषध. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी पीईपी नावाचा २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो. तो शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू झाला तरच उपयोग. शनिवारची रात्र म्हणजे मंगळवारची रात्र ही शेवटची मुदत, पण प्रत्येक तासागणिक फायदा कमी होतो. जिल्हा रुग्णालयात एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं) केंद्र आहे. रविवारी ते बंद मिळालं तर तिथल्याच आकस्मिक विभागात जा आणि 'एचआयव्हीसाठी पीईपी हवंय' हेच शब्द वापरा. 'तपासणी करायचीय' म्हणालात तर सोमवारी या म्हणतील. माहितीसाठी १०९७ हा फोन मोफत आहे, नाव विचारत नाहीत.