मेसेजपुढची एक टिक

"तिचा फोन लागला नाही की पोटात गोळा येतो हो. रात्री दोनदा-तीनदा उठून मोबाइल बघते. मला वेड लागत चाललंय का, मॅडम?"

कोथरूडच्या काकू खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. शेजारी काका गप्प. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) एकुलती लेक फिजिओथेरपिस्ट. चांगलं चाललेलं काम वर्षभर बाजूला ठेवून ती आफ्रिकेतल्या मलावीत स्वयंसेवक म्हणून गेली होती, उत्तरेकडच्या म्झुझू शहराजवळच्या एका आरोग्य केंद्रात. "अमेरिकेत असती तर सोसायटीतल्या कुणाचं तरी पोर जवळपास सापडलं असतं," काका म्हणाले. ते खरंच होतं. इथे चौकशी कुणाकडे करायची, हेच दोघांना ठाऊक नव्हतं.

काकूंच्या भीतीला कारणही तसंच घडलं होतं. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हाहाकार उडवला. ब्लँटायर शहराभोवतीच्या डोंगरउतारांवरची घरं चिखलात गाडली गेल्याची दृश्यं काकूंनी टीव्हीवर पाहिली. लेक तिथून रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटर लांब, सुखरूप. पण त्या देशाची बहुतेक वीज दक्षिणेतल्या शिरे नदीवर तयार होते. पुराने तिथली वीजनिर्मिती विस्कळीत झाली आणि लांबलांबच्या गावांतले दिवेही गेले. लेकीचा फोन बंद पडला. काकूंच्या मेसेजपुढे दोन दिवस एकच टिक.

त्या दोन दिवसांत त्यांनी जे भोगलं, ते पुढे रोजच्या एका टिकेला चिकटलं. मेसेज समोरच्या फोनपर्यंत पोहोचलेला नाही, इतकाच त्या टिकेचा अर्थ. पण आईच्या मनाने त्यात सगळं वाचलं. आणि तपासण्याची एक गंमत अशी की दुसरी टिक दिसली की क्षणभर हायसं वाटतं, त्या हायसं वाटण्यासाठीच मन पुन्हा फोन उचलायला लावतं. जितक्या वेळा बघावं तितकी न बघता राहण्याची ताकद कमी होते. मी काकूंना वही दिली. फोन बघावासा वाटला की एक रेघ मारायची, थांबायचं नाही, फक्त मोजायचं. पहिल्या दिवशी त्रेचाळीस रेघा. त्या स्वतःच दचकल्या.

"रोज बोलायला सांगू का तिला?" माझ्याकडे येणारे बहुतेक पालक हेच विचारतात. पहिले दोन-तीन आठवडे जरूर बोला. त्यानंतर रोजच्या फोनचा माझा आग्रह नसतो. जो माणूस रोजची संध्याकाळ घरच्यांशी बोलण्यात घालवतो, त्याला तिथल्या शेजाऱ्यांशी ओळख करायला वेळच उरत नाही. आणि अडीनडीला धावून येतो तो शेजारीच.

शिवाय या घरात फोन कमी नव्हते. पण फोन म्हणजे हजेरी झाली होती. जेवलीस का, हो. तब्येत बरी ना, हो. तुमची? मस्त. मला त्या "मस्त"चा संशय आला, म्हणून एका रविवारी व्हिडिओ कॉलवर चौघं बसलो.

मी लेकीला विचारलं, आईला न सांगितलेलं काही आहे का? ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "आई, फेब्रुवारीत मला मलेरिया झाला होता. आता बरी आहे. तू इतकी घाबरतेस, म्हणून नाही सांगितलं."

मला वाटलं काकू रडतील. त्या हळूच म्हणाल्या, "मी जानेवारीत बाथरूममध्ये पडले. मनगटाला प्लास्टर होतं. तुझा फोन आला की हात ओढणीखाली घ्यायचे."

तिकडून आवाज फुटेना. "आई, मी इथे रोज लोकांची मनगटं हलवते गं. आणि तुझं..." पुढचं तिला बोलता आलं नाही. काका उठून खिडकीपाशी गेले.

"तिला कशाला उगाच काळजी" या एका वाक्यापायी आपल्या घरांत किती माणसं एकमेकांपासून लांब जातात! सगळं छानच ऐकू येत असलं की मन कशावरच विश्वास ठेवत नाही, मग साध्या शांततेतही संकट दिसतं. आजारपण त्याच दिवशी कळणार याची खात्री असेल, तरच आई रात्री झोपू शकते.

त्या दिवशी ठरलं ते असं. मलावीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून रविवारी दुपारी अडीचला फोन. तिकडे तेव्हा सकाळचे अकरा. मधे कधीही आवाजी मेसेज, उत्तराची सक्ती नाही. दुखलं-खुपलं त्याच दिवशी सांगायचं, दोन्हीकडून. नेट नसलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, तो करायचा. लांबच्या खेड्यात जायचं असेल तर आधी कळवायचं. न कळवता अठ्ठेचाळीस तास उलटले, तर काका आरोग्य केंद्राच्या समन्वयकाला फोन करणार. तिथेही काही कळलं नाही तर लिलाँग्वेतल्या भारतीय उच्चायोगाला. दोन्ही नंबर फ्रिजवर लावले. हे काम मुद्दाम काकांकडे दिलं.

गप्पा हळूहळू मोकळ्या झाल्या. तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, उकळत्या पाण्यात मक्याचं पांढरं पीठ घोटून केलेली. "अगं, मग उकडच की ती!" म्हणत काकूंनी घरी करून पाहिली, गुठळ्या झाल्या, आणि त्या गुठळ्यांचा साग्रसंगीत वृत्तान्त आवाजी मेसेजमधून म्झुझूला गेला. तिकडच्या तुम्बुका भाषेत 'धन्यवाद'ला 'येवो' म्हणतात, हे काकूंना फार आवडलं. आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. आता फोन ठेवताना त्या 'येवो' म्हणतात, दोन्ही अर्थांनी.

मागच्या भेटीत वही पाहिली. आदल्या दिवशी सहा रेघा, त्यातली एक रात्री अडीचची. काकू ओशाळल्या. मी म्हटलं, असू दे. रविवारच्या फोनवर आता आधी मनगटाचे व्यायाम होतात, लेक तिकडून मोठ्याने दहापर्यंत मोजते, आणि काका फोन हातात धरून उभे असतात.